बर्फाच्या फॅक्टरीत जाऊन आलेली चकती

चिमट्यात धरलेली चकती मी अलगद उचलली आणि टिकेकर मॅडम मोठ्यानं आकडे मोजू लागल्या. दहा झाले, वीस झाले. तळहाताएवढी ती पारदर्शक चकती हवेत लोंबत होती, थरथरत होती, पण तुटत नव्हती.

“ओढ,” मॅडम म्हणाल्या.

“तुटेल, मॅडम.”

“तुटली तर तुटली. ओढ तू!”

मी दोन्ही हातांनी ओढली. चकती लांबली, आणखी लांबली आणि सोडल्यावर मुकाट्यानं होती तेवढी झाली. खोलीत आम्ही तिघंच होतो. मी, माझ्या गाइड डॉ. सुलभा टिकेकर आणि दाराच्या चौकटीला धरून उभे असलेले प्रयोगशाळेचे शिपाई शिवगण मामा. मॅडमना हसताना पाहिलेला विद्यार्थी कॉलेजात सापडला नसता. त्या चोपन्न वर्षांच्या बाईंनी जांभळ्या साडीचा पदर कमरेला खोचला, माझे हात धरले आणि प्रयोगशाळेच्या मधोमध फुगडी घालायला सुरुवात केली. दोन बीकर फुटले, एक स्टूल आडवं झालं आणि मामा झाडू घेऊन आमच्याभोवती फिरत ओरडत राहिले, “मॅडम, काच हाय! ताई, पायाखाली काच हाय वो!”

ही गोष्ट लोडशेडिंगच्या दिवसांतली, रत्नागिरीतल्या एका फार्मसी कॉलेजातली. जखमेवर ठेवायची ओली पट्टी करण्याचा आमचा प्रकल्प होता. तिला हायड्रोजेल म्हणतात. दहा भागांतले नऊ भाग पाणी, आणि तरी ती कापडासारखी हातात उचलता येते. साधी गॉजची पट्टी जखमेला चिकटते आणि बदलताना नवी आलेली कातडी सोलून घेऊन निघते. ही चिकटत नाही, जखम ओलसर आणि गार ठेवते. निदान पुस्तकात तरी तसं होतं. आमच्याकडे अकरा महिने जे तयार होत होतं त्याला मामांनी नावं ठेवली होती. सकाळी आल्या आल्या ते विचारायचे, “आज काय ताई, पेज का आंबील?” पेज म्हणजे पार पातळ आणि आंबील म्हणजे जरा आशा होती.

माझं नाव शिवलीला बिराजदार. मी लातूरकडची, लिंगायताच्या घरातली. घरी कांदा-लसूणसुद्धा सोमवारी बंद. आणि आमच्या पट्टीत जी एक पूड पडायची, जखमेत जंतू वाढू न देणारी, ती निघायची कोळंबीच्या सालांपासून. मामा रोज सकाळी आपल्या लुनावरून बंदरावर जायचे आणि पिशवीभर सालं आणायचे. ती धुऊन, वाळवून, उकळून माझ्या केसांना जो वास लागला होता तो शिकेकाईला हार जाणारा नव्हता. आईचा फोन आला की ती विचारायची, “काय करलालीस गं आत्ता?” मी म्हणायची, “औषध करलालेय.” कशाचं ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी मामांनी एक प्रश्न विचारला होता. मी फळ्यावर पट्टीचं चित्र काढत होते. ते पुसणं हातात घेऊन मागे उभे होते. “ताई, ही पट्टी काढताना दुखणार नाय ना?”

“मुळीच नाही मामा,” मी मान न वळवता सांगितलं. तेव्हा माझ्याकडे पट्टी नव्हती, पूड नव्हती, काही नव्हतं. बोलायला काय जातं!

कृती तशी सोपी होती. एक पांढरं रसायन पाण्यात तापवून विरघळवायचं, त्यात सालांची पूड मिसळायची, ट्रेमध्ये ओतायचं आणि फ्रीजरमध्ये गोठवायचं. बाहेर काढून वितळलं की रसायनाचे धागे एकमेकांत अडकतात आणि पातळ द्रव उभा राहतो. मॅडमनी एका जुन्या जपानी निबंधावरून ही कृती घेतली होती. त्याची झेरॉक्स त्यांनी मुंबईहून आणली होती आणि ती देवाच्या पोथीसारखी कपाटात ठेवलेली असे. आम्ही एक रात्र गोठवलं, पेज. दोन रात्री गोठवलं, पेज. एप्रिलमध्ये ठरवलं की तीन दिवस ठेवू. नेमकं तेव्हाच लोडशेडिंग वाढलं. सकाळी नऊला वीज जायची ती एकला यायची. पहिल्याच दिवशी एक वाजता फ्रीजर उघडला तर आत सगळं मऊ पडलेलं. त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या मोरीपाशी उभी राहून मनसोक्त रडले. मामांनी पाहिलं. पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि गेले.

मॅडमनी फ्रीजरवर चिठ्ठी चिकटवली: वीज नसताना दार उघडू नये. मला सकाळी नऊ ते एक पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घ्यावी लागत, त्यामुळे उघडायला मी तिथे नसायचेच. दैवावर भरवसा टाकून आम्ही पुढचे ट्रे ठेवले आणि चौथ्या दिवशी ती चकती निघाली. फुगडीवाली.

मग आणखी एकदा केली. झाली. तिसऱ्यांदा केली. तीही झाली. आता आम्हाला आकाश ठेंगणं झालं. मॅडम थांबूया म्हणत होत्या, पण मी हट्ट धरला की तपासणी समितीला आताच बोलवा. समितीनं होकार दिला तर पट्टी पुढच्या चाचण्यांना आणि एक दिवस रुग्णांपर्यंत जाणार होती. नकार दिला तर प्रकल्प बंद, अकरा महिने पाण्यात आणि मी रिकाम्या हातानं लातूरला. पण नकाराचा विचार कोण करतंय! गावातल्या एका वार्ताहरानं येऊन माझा फोटोसुद्धा काढला. ‘जखमेवर रत्नागिरीची जेली’ असा मथळा आला. मी त्याची कात्रणं लातूर, उदगीर, निलंगा, जिथे जिथे नातेवाईक होते तिथे धाडली.

समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांना कॉलेजच्या अब्रूची काळजी लागली. ऐन सादरीकरणात वीज गेली तर? त्यांनी धावपळ करून जनरेटर आणवला. त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. सर्वांत जास्त आनंद मामांना झाला. त्यांनी जनरेटरला हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सुटलो बघा, ताई.” कशातून सुटले ते मला तेव्हा कळलं नाही.

जनरेटरच्या छत्राखाली तीन दिवस अखंड गोठलेले ट्रे आम्ही मोठ्या दिमाखात बाहेर काढले. मी चिमटा घातला आणि चिमटा वर आला, चकती खालीच राहिली.

“पेज,” मामा हळूच म्हणाले.

समिती यायला नऊ दिवस होते. पुन्हा केलं, पुन्हा पेज. आता पाच दिवस उरले. आम्ही रसायनाची नवी बाटली फोडली, पाणी बदललं, वजनकाटा तपासला. माणूस घाबरला की कसा वागतो ते मी तेव्हा पाहिलं. मॅडम विज्ञानाच्या डॉक्टर, पण एके सकाळी त्या जांभळी साडी नेसून आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बाकीच्या धुवायला टाकल्यात.” मीही गुपचूप फुगडीच्या दिवशीचाच ड्रेस घातला होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि इतक्या हसलो की मॅडमना टेबल धरून बसावं लागलं. हसता हसता मला रडू येत होतं, पण हसूच जास्त येत होतं.

मग मी जुन्या, जमलेल्या चकत्या घेऊन बसले. भिंगाखाली धरून एकेक तपासली. दुसऱ्या चकतीच्या कडेला एक पिवळसर तूस अडकलेलं दिसलं. आधी वाटलं, कोळंबीच्या सालाचा तुकडा. पण ते भाताचं तूस होतं. तिसऱ्या चकतीत तशी दोन सापडली. औषधाच्या प्रयोगशाळेत भाताचा भुसा?

“मामा, हे कुठून आलं?”

मामांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. “वाऱ्यानं आला असल.”

“फ्रीजरमध्ये वारा?”

“मग काय सांगू ताई,” म्हणत ते सालं आणायला निघाले. एरवी सावकाश निघणारा माणूस एवढ्या लगबगीनं का निघाला? मी पळत गेले आणि लुनाच्या मागच्या सीटवर बसले. “चला. मला बंदर बघायचंय.”

“तुमी? तिकडं वास येतो वो!”

“माझ्यापेक्षा जास्त?”

अर्धा तास लुना फटफटत उन्हातून गेली. बंदर म्हणजे माझ्यासारखीला काय असेल ते विचारू नका. एका हातानं नाक आणि दुसऱ्यानं ओढणी धरून मी मामांच्या मागे चालत होते. बर्फाच्या फॅक्टरीसमोर आलो, तोच दारात बर्फाच्या लाद्यांवर भुसा पसरणारा एक दाढीवाला माणूस आनंदानं ओरडला, “काय शिवगण, आठवडा झाला फिरकला नायत! ट्रे खंय तुमचे? तुमची जागा ठेवलीय मी!”

मामा जागच्या जागी थिजले. मी पायाखाली पाहिलं. सगळीकडे भाताचा भुसा होता.

“मामा?”

ते बाजूच्या दगडावर बसले, टोपी काढली आणि टोपीकडे बघत बोलू लागले. “ताई, तुमी त्या दिवशी रडलात ना, मला बघवलं नाय. ह्या होडेकरांच्या फॅक्टरीत सोताचा जनरेटर हाय, हितं वीज जात नाय. म्हटलं, नऊ वाजता लाईट गेली की ट्रे पिशवीत घालायचे, हितं आणून ठेवायचे, एकच्या आत परत न्यायचे. कुणाला कळायचं नाय.”

“आणि मला सांगितलं का नाहीत?”

“पास नव्हता ना.” आमच्या कॉलेजात गेटबाहेर टाचणी न्यायची तरी पास लागायचा. दोन वर्षांपूर्वी एका शिपायानं गणपतीसाठी प्रयोगशाळेचं स्टूल घरी नेलं होतं. गणपती पाण्यात गेला, चौकशी वर्षभर चालली आणि त्याचं पेन्शन अडकलं. मामांना निवृत्त व्हायला तीन महिने होते. “आणि खरं सांगू, माझी चूकपण झाली. हितं येईस्तवर उन्हानं सगळं पानी पानी व्हायचं. मग होडेकर बर्फापेक्षा गार मिठाच्या पाण्याच्या टाकीत ठेवायचे, तासाभरात दगड. परत नेताना परत पानी. तीन दिवस असंच. तुमाला बोल्लो असतो तर तुमी बोल्ला असतात, मामा, सगळा माल नासवलात. पण तुमची चकती झाली आणि मी गप राह्यलो. आता तर जनरेटर हाय, कायपण वितळत नाय. मग आता कशाला बिघडतंय, तेच मला कळत नाय.”

वितळलं, गोठलं. वितळलं, गोठलं. दिवसातून दोनदा, तीन दिवस. आणि जनरेटर आल्यापासून एकदाच गोठलं, एकदाच वितळलं.

“मामा!” मी किंचाळले. “नासवलं नाहीत! तेच तर पाहिजे होतं! दर वेळी वितळताना धागे आणखी घट्ट अडकत गेले!” आणि मी नाचले. खरंच नाचले, भर बंदरात, कोळणींच्या टोपल्यांमध्ये. चौथ्या उडीला पाय माशांच्या पाण्यावरून घसरला आणि मी बसले ती थेट बांगड्यांच्या टोपलीत. सात पिढ्यांचं शाकाहार-व्रत तिथेच बुडालं. कोळीण मला शिव्या देत होती, होडेकर दाढी धरून हसत होते आणि मामा दोन्ही हात पुढे करून विचारत होते, “ताई, म्हंजे मी वाचलो काय?”

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या उठल्या, कपाटातून ती झेरॉक्स काढली आणि पानं उलटायला लागल्या. तीन. चार. सहा.

“पाचवं पान कुठंय?” मी विचारलं.

चौथं पान पूर्णविरामावर संपत होतं, सहावं नव्या परिच्छेदानं सुरू होत होतं. अकरा महिन्यांत आम्हा दोघींपैकी एकीचीही नजर पानाच्या आकड्याकडे गेली नव्हती. मॅडमनी मुंबईच्या मैत्रिणीला फोन लावला, ग्रंथालयात पिटाळलं आणि तासाभरानं तिनं पाचव्या पानावरचं वाक्य फोनवरून वाचून दाखवलं: ही क्रिया किमान पाच वेळा करावी. मॅडमनी फोन ठेवला, डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, “काखेत कळसा म्हणतात, शिवलीला. आपल्या तर काखेतही नव्हता, आपण तो मुंबईच्या झेरॉक्सच्या दुकानात विसरून आलो होतो.” आणि पुन्हा आमचं हसणं सुरू झालं. प्राचार्य व्हरांड्यातून जाताना डोकावले आणि घाईघाईनं पुढे गेले.

पण समिती चार दिवसांवर होती. आमच्या म्हाताऱ्या फ्रीजरला एकदा गोठवायलाच रात्र लागायची. पाचदा करायचं तर होडेकरांची मिठाच्या पाण्याची टाकीच हवी होती. आणि त्यासाठी ट्रे गेटबाहेर जायला हवे होते. मॅडमनी मामांना समोर बसवलं.

“शिवगण, पुन्हा न्याल?”

“मॅडम, पास...”

“पासाचं मी बघते.”

पुढचे तीन दिवस रत्नागिरीनं एक वरात पाहिली. पुढे लुना, लुनावर मामा, मागे दोन्ही हातांनी ट्रे छातीशी धरलेली मी. त्यामागे रिक्षात टिकेकर मॅडम, हातात घड्याळ घेऊन, दर चौकात डोकं बाहेर काढून ओरडणाऱ्या, “वितळलं का? पूर्ण वितळू दे हं!” पोलीसमामा दुसऱ्या दिवसापासून आम्हाला सलाम ठोकायला लागला. होडेकरांनी आमच्या ट्रेसाठी टाकीचा एक कोपरा दोरी बांधून राखून ठेवला होता आणि कुणी जवळ गेलं की ते दटावायचे, “हात लावू नुको, औषध हाय ता!” भुसा पडू नये म्हणून मॅडमनी ट्रेवर आपला धुतलेला परकर शिवून झाकण केलं.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या फेरीत, फॅक्टरीच्या दाराशी लुना घसरली. मामा खाली, लुना त्यांच्यावर आणि मी उभीच्या उभी, ट्रे डोक्यावर धरून. मामांचा गुडघा सोलवटून रक्त येत होतं. पण त्यांनी आधी विचारलं, “ट्रे?”

“ठीक आहे मामा.”

“मग उचला मला.”

समिती म्हणजे तिघं जण होते. प्रमुख होते पुण्याचे डॉ. नगरकर, उंच, किडकिडीत, बोलण्यात काटकसर करणारे. प्राचार्य त्यांच्या शेजारी बसले होते. जनरेटर बाहेर धडधडत होता. मी चिमटा घातला आणि चकती उचलली.

दहा झाले, वीस झाले. नगरकरांनी ती माझ्या हातातून घेतली, ओढली, पिळली, दुमडली, बोटात ताणली आणि टेबलावर टाकली. ती होती तशी पसरली. त्यांच्या भुवया वर गेल्या.

“किती वेळा गोठवलंत?”

“सहा वेळा, सर.”

“आणि वितळवलंत कसं? तापमान काय ठेवलं? साधन कोणतं?”

माझी नजर दाराकडे गेली. मामा तिथे उभे होते, चेहरा पांढराफटक. खरं सांगावं तर प्राचार्य समोर, खोटं सांगावं तर विज्ञान समोर.

“शिवगणांच्या लुनावर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “कॉलेज ते बंदर, अर्धा तास, दुपारचं ऊन. बर्फाच्या फॅक्टरीत गोठवलं. पद्धत आम्हाला मुद्दाम शोधता आली नाही. ती ह्यांच्यामुळे सापडली.”

प्राचार्य ताडकन उठले. “कॉलेजचं सामान गेटबाहेर? पास कुठे आहेत?”

मॅडमनी पर्स उघडली आणि पासांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवला. पहिल्या दिवसापासूनचे, प्रत्येक फेरीचे, सह्यांसकट. “शिवगणांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांवर आजची तारीख आहे,” त्या म्हणाल्या. “खोटी तारीख मी घालत नाही. उशीर माझा, त्यांचा नाही. चौकशी करायची तर माझी करा.”

मग डॉ. नगरकरांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. आधी वाटलं खोकला आहे. तो खोकला नव्हता. ते डोळे पुसत म्हणाले, “प्राचार्य, बसा हो. तीस वर्षांत लुना हे उपकरण म्हणून मी पहिल्यांदाच ऐकतोय. पुढच्या टप्प्याला माझी हरकत नाही.” प्राचार्य बसले. आणि बसल्यावर, समितीचा रंग बघून, त्यांनाही हसू आलं.

तेवढ्यात मामा लंगडत पुढे आले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि सोलवटलेला गुडघा टेबलापाशी आणून म्हणाले, “साहेब, मग आता ही हितं लावून बघा की.”

“मामा, पँट खाली सोडा!” मॅडम ओरडल्या.

“असं चालत नाही,” नगरकर म्हणाले. “आधी बऱ्याच चाचण्या होतात. मग परवानग्या. मगच माणसावर.”

“किती दिवस लागतील?”

“दिवस नाही, वर्षं. सहा-सात तरी.”

मामांनी गुडघ्याकडे बघितलं. “तवर हा बरा होईल की वो,” ते इतक्या निराशेनं म्हणाले की सगळी समिती हसत सुटली आणि चहापान तिथेच सुरू झालं.

सगळे गेल्यावर मी त्यांच्या गुडघ्याला साधी पट्टी बांधायला बसले. कापूस लावला तसे ते मान फिरवून भिंतीकडे बघायला लागले. मी म्हटलं, “मामा, तीन महिने राहिले होते. एवढी जोखीम कशाला घेतलीत?”

“सुशीचा पाय भाजला व्हता,” ते म्हणाले. सुशी म्हणजे त्यांची बायको. “तेरा वर्सं झाली. पेजेचं तपेलं उलटलं. दीड महिना रोज पट्टी बदलायचे. पट्टी कातडीला धरून बसायची. ती आत ओरडायची आणि मी भाईर जिन्यात, कानात बोटं घालून. येक दिवस आत गेलो नाय, ताई. तिनं कदी इचारलं नाय, मी कदी बोल्लो नाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी पयल्या दिवशी बोल्लात ना, दुखणार नाय. मग म्हटलं, हे झालंच पायजे.”

मी फळ्याकडे बघून सहज फेकलेलं ते वाक्य त्यांनी अकरा महिने जपून ठेवलं होतं. मला लाज वाटली. मी पट्टीची गाठ मारली.

सात वर्षांनी, सगळे टप्पे पार करून, आमची पट्टी एका रुग्णालयात परवानगीनं वापरून बघणं सुरू झालं. मी तिथे कामाला होते. एक दिवस बाहेरच्या बाकावर ओळखीची टोपी दिसली. मामांच्या पोटरीवर भाजल्याची मोठी जखम होती.

“लुनाचा सायलेन्सर,” त्यांच्या शेजारी बसलेल्या सुशीलामामी म्हणाल्या. “सत्तरीला आलेत, पन ती लुना सोडवत नाय.”

संमतीच्या कागदावर सही करताना मामांनी विचारलं, “पास लागंल काय?” आणि स्वतःच खो खो हसले. चकती लावली. तीन दिवसांनी ती बदलायला आले तेव्हा मात्र हसू पळालं होतं. सिस्टरनं हातमोजे घातले तसे त्यांनी माझं मनगट धरलं, डोळे गच्च मिटले आणि ग्रामदेवतेला हाका मारायला लागले. मामी समोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“माज्या वक्ताला जिन्यात पळालात,” त्या म्हणाल्या. “आज मी जायची नाय. बगते आता.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. वीस वर्षं ठाऊक होतं.

सिस्टरनं चकतीची कड धरली आणि उचलली. ट्रेमध्ये ठेवली. मामा डोळे मिटून हाका मारतच होते.

“मामा,” मी म्हटलं, “डोळे उघडा.”

“काढा वो लवकर, किती वेळ लावता!”

“काढली.”

त्यांनी एक डोळा उघडला. ट्रेमधली चकती बघितली. दुसरा उघडला. पोटरीकडे बघितलं, तिथे नवी गुलाबी कातडी आलेली होती. मग ते हळूच बायकोकडे वळले. “सुशे, खरंच दुखलं नाय गो.”

मामी पुढे आल्या. वाकून त्या पोटरीवर फुंकर घातली. लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या खांद्यावर एक चापट मारली.

“मग ही पट्टी केलीत कशाला एवढ्या उशिरानं?” त्या म्हणाल्या. “वीस वर्सं आदी करायची नाय व्हय!”